कृपा आणि काळाचा शेवट: ख्रिस्ती श्रद्धा नेमकं काय सांगते?

सप्टेंबर २०२५मध्ये समाजमाध्यमांवर एक दावा वाऱ्यासारखा पसरला. २३ किंवा २४ तारखेला येशू ख्रिस्त येणार आणि त्याच्यावर विश्वास ठेवणाऱ्यांना एका क्षणात पृथ्वीवरून उचलून नेणार, असा तो दावा होता. कुणी नोकरी सोडल्याचं, कुणी गाडी विकून टाकल्याचं व्हिडिओतून सांगितलं. ते दोन्ही दिवस आले आणि गेले. मागे उरलेले प्रश्न मात्र खरे आहेत. ख्रिस्ती लोक असं मानतात का? सगळेच मानतात का? आणि ज्या धर्मात देवाच्या कृपेबद्दल इतकं बोललं जातं, तिथे शेवटच्या दिवसाची एवढी धास्ती कुठून आली?

हा तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. ख्रिस्ती श्रद्धेत शेवटाविषयीची शिकवण कृपेच्या शिकवणीतूनच वाढलेली आहे. कृपा बाजूला ठेवून शेवट समजून घ्यायला गेलं, की हाती फक्त भीती आणि आकडेमोड लागते. म्हणून सुरुवात कृपेपासूनच करायला हवी.

## कृपा म्हणजे काय?

माणसाची लायकी न पाहता, त्याने काही कमावलेलं नसताना, देवाने आपणहून त्याला जवळ करणं म्हणजे कृपा. येशूने यासाठी सांगितलेला दाखला मत्तयाच्या शुभवर्तमानात २०व्या अध्यायात आहे. द्राक्षमळ्याचा मालक पहाटेच मजूर ठरवतो. मजुरी एक दिनार, म्हणजे त्या काळची पूर्ण दिवसाची रोजी. मग तो सकाळी नऊच्या सुमारास, दुपारी बाराला, तीनला आणि शेवटी संध्याकाळी पाचला पुन्हा बाहेर पडतो आणि दर वेळी आणखी माणसं कामाला लावतो. मजुरी वाटताना सुरुवात शेवटी आलेल्यांपासून होते आणि त्यांनाही पूर्ण दिनार मिळतो. पहाटेपासून राबलेले कुरकुरतात: दिवसभराचं ऊन आम्ही सोसलं आणि एक तास काम केलेले आमच्या बरोबरीचे? मालक म्हणतो, तुझ्यावर मी काहीच अन्याय केलेला नाही; ठरलेली मजुरी तुला मिळाली आहे.

पहिल्यांचा हिशेब कुठेही बुडवलेला नाही, हे इथे महत्त्वाचं. न्याय पूर्ण झाल्यावर त्याच्यापलीकडे जे दिलं जातं, ती कृपा. म्हणून कृपेला मजुरी म्हणता येत नाही, तसाच तिचा अर्थ पापाकडे डोळेझाक असाही होत नाही. पापाची किंमत असते आणि ती ख्रिस्ताने क्रुसावर स्वतः भरली, हा ख्रिस्ती श्रद्धेचा गाभा आहे. घेणाऱ्याला कृपा फुकट मिळते, पण देणाऱ्याला ती फार महाग पडली आहे.

पहिल्या शतकातला ख्रिस्ती प्रेषित पौल याच्या इफिसकरांस पत्रात (२:८-१०) हे तीन वचनांत आलं आहे. तारण कृपेने, विश्वासाच्या द्वारे होतं. ते कर्मांमुळे होत नाही, म्हणजे कुणाला फुशारकी मारायला जागा उरत नाही. आणि तारण झालेली माणसं सत्कृत्यांसाठी घडवलेली आहेत. बरेच जण पहिली दोन वचनं तोंडपाठ म्हणतात आणि तिसऱ्याच्या आधी थांबतात. कृपेबद्दलचे निम्मे गैरसमज त्या थांबण्यातून आलेले आहेत.

## एकदाच मिळते की हळूहळू?

ख्रिस्ती लेखनात इथे तीन अवघड शब्द येतात. देवाने माणसाला आपल्यापुढे निर्दोष म्हणून स्वीकारणं म्हणजे नीतिमान ठरवणं. त्यानंतर त्याचा स्वभाव आतून बदलत जाणं म्हणजे पवित्रीकरण. आणि शेवटी मरणाच्याही पलीकडे त्याला नवं, अविनाशी शरीर मिळणं म्हणजे गौरवीकरण.

दत्तक घेतलेल्या मुलाचा विचार केला तर तिन्ही एकत्र दिसतात. दत्तकविधान झालं त्या दिवशी ते मूल त्या घराचं पूर्णपणे झालं. उद्या ते चुकलं म्हणून अर्धं परकं होत नाही. घराची भाषा आणि रीत अंगी बाणायला मात्र वर्षं जातात. आणि वारसा हातात यायला त्याहूनही पुढचा दिवस उजाडावा लागतो. हे तिन्ही एकाच दत्तकविधानाचे भाग आहेत, आणि मुलाने घरकाम करून त्यातला एकही विकत घेतलेला नाही.

ही कल्पना मुळात पौलाचीच. रोमकरांस पत्राच्या ८व्या अध्यायात, १५व्या वचनात, तो म्हणतो की तुम्हाला दत्तकपणाचा आत्मा मिळालेला आहे. त्याच अध्यायात २३व्या वचनात तो म्हणतो की आपण दत्तकपणाची, म्हणजे आपल्या शरीराच्या मुक्तीची, वाट पाहत आहोत. मिळालेलं आहे आणि मिळायचंही आहे! पौलाच्या लेखी या दोन वाक्यांत विरोध नाही. कृपेने सुरू केलेलं काम कृपाच पुरं करते आणि त्या पुरं होण्याला ख्रिस्ती भाषेत ‘शेवट’ म्हणतात. मला हा अध्याय शेवटाविषयीच्या सगळ्या चर्चेचा पाया वाटतो, आणि तारखांच्या चर्चेत नेमका तोच कुणी उघडत नाही.

## मग पंथांमध्ये वाद कशावरून?

कृपा लागते का, यावर मोठ्या पंथांत वाद नाही. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला पेलाजियस या संन्यासी शिक्षकाची शिकवण अशी मांडली गेली की माणूस स्वतःच्या इच्छाशक्तीने देवाची आज्ञा पाळू शकतो. उत्तर आफ्रिकेतला बिशप आगस्टीन याने तिला कडाडून विरोध केला आणि ४१८मध्ये कार्थेजच्या धर्मसभेने ती नाकारली. तेव्हापासून पुढाकार देवाचा, हे पाश्चात्त्य ख्रिस्ती जगात पक्कं झालं.

वाद आहे तो कृपा माणसात काम कशी करते यावर. १५१७मध्ये मार्टिन लूथरने पापमुक्तिपत्रांच्या विक्रीविरुद्ध ९५ मुद्दे मांडले. पापाची क्षमा झाली तरी त्याची काही शिक्षा भोगायची उरते आणि ती चर्च कमी करू शकतं, या समजुतीवर ही पत्रं विकली जात. लूथरचं म्हणणं पुढे असं स्पष्ट झालं की देव माणसाला केवळ विश्वासाच्या आधारे नीतिमान ठरवतो. ते नीतिमत्त्व ख्रिस्ताचं असतं आणि माणसाच्या नावे धरलं जातं. कॅथलिक चर्चने १५४७मध्ये ट्रेंटच्या धर्मसभेत उत्तर दिलं: सुरुवात कृपेचीच, पण ती माणसाला आतून खरोखर नीतिमान करते आणि माणूस त्या कृपेला साथ देतो. चारशे वर्षं दोन्ही बाजू एकमेकांना चूक ठरवत राहिल्या. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी जर्मनीतल्या आउग्सबुर्ग शहरात कॅथलिक चर्च आणि लूथरन जागतिक महासंघ यांनी संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या. नीतिमान ठरण्याच्या मूलभूत सत्यांवर आमचं एकमत आहे आणि जुने निषेध आज या रूपात मांडलेल्या शिकवणीला लागू होत नाहीत, असं त्यात म्हटलं आहे. मेथडिस्ट चर्च २००६मध्ये आणि रिफॉर्म्ड चर्च २०१७मध्ये त्यात सामील झाली.

कृपा नाकारता येते का, हा आणखी एक वाद. सोळाव्या शतकातला सुधारक काल्विन याच्या, म्हणजे रिफॉर्म्ड, परंपरेने १६१८-१९च्या डॉर्टच्या सभेत सांगितलं की देवाने निवडलेल्यांत कृपा आपलं काम पूर्ण करतेच. मेथडिस्ट चळवळीचा प्रणेता वेस्ली याच्या परंपरेत कृपा प्रत्येकाच्या आधी चालत येते, पण माणूस तिला नाही म्हणू शकतो. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चची मांडणी वेगळीच आहे. त्यांच्या दृष्टीने कृपा म्हणजे देवाचं स्वतःचं जीवन, आणि माणसाने त्यात सहभागी होत जाणं हेच तारण. मला वाटतं, शेवटाचा विचार करताना ही पूर्वेची मांडणी सर्वांत उपयोगी पडते, कारण तिथे तारण आणि अनंत जीवन वेगळं काढताच येत नाही.

## कृपा फुकट असेल तर मनसोक्त पाप का करू नये?

हा आक्षेप पौलाच्या हयातीतच घेतला गेला होता आणि त्याने रोमकरांस पत्रात (६:१-२) त्याला सरळ ‘नाही’ असं उत्तर दिलं. जो पापाला मेला आहे तो त्यातच कसा जगेल, असा त्याचा उलट प्रश्न आहे. कृपा शिक्षा टाळून देण्यापुरती असती, तर आक्षेप बरोबर ठरला असता. ती माणसाला नव्या घरात आणते; जुन्या घरी परत जाण्याची मुभा कुणी वर मागावी, हेच पौलाला कळत नाही.

याकोबाचं पत्र (२:२४) मात्र म्हणतं की माणूस केवळ विश्वासाने नीतिमान ठरत नाही. मग पौल आणि याकोब एकमेकांच्या विरुद्ध आहेत का? दोघेही उदाहरण अब्राहामाचं देतात, पण प्रसंग वेगळे निवडतात. पौल बायबलच्या उत्पत्ती या पहिल्या पुस्तकाचा १५वा अध्याय घेतो, तिथे अब्राहाम नुसता विश्वास ठेवतो. याकोब २२व्या अध्यायाचा आधार घेतो, जिथे अब्राहाम मुलगा इसहाक याला देवाला अर्पण करायला निघतो, तोवर मधे बरीच वर्षं गेलेली आहेत. एकजण विश्वासाची सुरुवात दाखवतो, दुसरा तो विश्वास जिवंत होता याची खूण.

## शेवटाबद्दल सर्वांचं एकमत कशावर आहे?

चौथ्या शतकातल्या मतांगीकारात, म्हणजे चर्चमध्ये एकत्र म्हटल्या जाणाऱ्या श्रद्धेच्या कबुलीत, शेवटाबद्दल मोजकंच सांगितलं आहे. ख्रिस्त वैभवाने पुन्हा येईल, जिवंतांचा आणि मेलेल्यांचा न्याय करील, त्याच्या राज्याला अंत नसेल. मेलेल्यांचं पुनरुत्थान होईल आणि येणाऱ्या युगाचं जीवन असेल. कॅथलिक, ऑर्थोडॉक्स आणि जुने प्रोटेस्टंट पंथ हे सगळे मानतात. तारीख, सात वर्षांचं संकट, श्वापदाचा आकडा यांपैकी त्यात काहीच नाही.

अनेक ख्रिस्ती माणसांनाही इथे एक गोष्ट नवी वाटते. आत्मा वर जाऊन कायमचा आकाशात राहणं ही बायबलमधली अखेरची आशा नाही. प्रकटीकरण या बायबलच्या शेवटच्या पुस्तकाच्या २१व्या अध्यायात नवं यरुशलेम वरून खाली उतरतं आणि देव माणसांमध्ये वस्तीला येतो. मृत्यूनंतर ख्रिस्तापाशी असणं हा मधला टप्पा; शेवटचा टप्पा म्हणजे शरीराचं पुनरुत्थान आणि नवी झालेली सृष्टी. पौल ख्रिस्ताच्या पुनरुत्थानाला कापणीचं पहिलं पीक म्हणतो (१ करिंथ १५:२०). शेवट, म्हणजे कापणी, ईस्टरच्या पहाटे सुरू झालेली आहे.

## हजार वर्षं आणि उचलून नेणं

प्रकटीकरणाच्या २०व्या अध्यायात सहा वचनांत सहा वेळा ‘हजार वर्षं’ येतात. एवढ्या मुदतीच्या राज्याचा उल्लेख बायबलमध्ये दुसरीकडे नाही, तरी वाद याच सहा वचनांवर सर्वाधिक आहे. दुसऱ्या शतकातले ख्रिस्ती लेखक जस्टिन आणि इरेनियस मानत की ख्रिस्त आधी येईल आणि मग पृथ्वीवर हजार वर्षं राज्य करील. आगस्टीनने हजार हा पूर्णतेचा आकडा मानला. त्याच्या मते ख्रिस्ताच्या पहिल्या आगमनापासून ते राज्य चालूच आहे. कॅथलिक, ऑर्थोडॉक्स, लूथरन आणि बरेच रिफॉर्म्ड ख्रिस्ती साधारण याच बाजूचे आहेत. तिसरं मत अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत जोरात होतं: शुभवर्तमानाने जग सुधारत जाईल आणि त्यानंतर ख्रिस्त येईल. पहिल्या महायुद्धानंतर त्याचे अनुयायी खूप घटले.

सप्टेंबरमधला दावा या तिन्हींतून थेट निघत नाही. तो १८३०च्या दशकात जॉन नेल्सन डार्बी या उपदेशकाने मांडलेल्या रचनेतून येतो. बायबलमधल्या दानीएलाच्या पुस्तकाच्या ९व्या अध्यायातल्या सत्तर ‘सप्तकां’पैकी एकोणसत्तर संपली, मधे मोठा खंड पडला आणि उरलेलं एक सप्तक म्हणजे सात वर्षांचं महासंकट पुढे यायचं आहे, असं ही रचना सांगते. विश्वासणारे त्याआधीच गुपचूप उचलले जातील, हा तिचा विशेष. १९०९मध्ये निघालेल्या स्कोफील्ड यांच्या टीपांसह असलेल्या बायबलने ती अमेरिकेत घराघरांत नेली. वचन आणि टीप एकाच पानावर असल्यामुळे अनेकांना टीपही वचनाइतकीच पक्की वाटू लागली.

तिचा मुख्य आधार १ थेस्सलनीका ४:१७: आपण प्रभूला सामोरं जाण्यासाठी मेघारूढ असे अंतराळात घेतले जाऊ. त्या काळी मान्यवर पाहुणा आला की लोक वेशीबाहेर जाऊन त्याला गावात घेऊन येत. प्रेषितांची कृत्ये २८:१५मध्ये रोमचे बंधुजन पौलाला सामोरे जातात आणि तो त्यांच्यासोबत रोमला येतो; मत्तय २५मधल्या दाखल्यातल्या कुमारी वराला सामोऱ्या जातात आणि त्याच्यासोबत आत येतात. म्हणून पुष्कळ अभ्यासक या वचनाचा अर्थ येणाऱ्या राजाचं स्वागत असा घेतात. पृथ्वी सोडून पळ काढण्याचा अर्थ त्यांना पटत नाही, आणि मलाही तेच पटतं. शिवाय पौल हे लिहितो ते शोक करणाऱ्यांचं सांत्वन म्हणून. पुढच्याच वचनात तो म्हणतो, या शब्दांनी एकमेकांना धीर द्या.

## ६६६ कोण?

प्रकटीकरणाच्या १३व्या अध्यायात, १८व्या वचनात, देवाला विरोध करणाऱ्या श्वापदाचा आकडा ६६६ सांगितला आहे. हिब्रू अक्षरांना आकड्यांची किंमत असते. ‘नेरोन कैसर’ हे नाव त्या अक्षरांत लिहिलं तर नून ५०, रेश २००, वाव ६, नून ५०, मग कोफ १००, सामेख ६०, रेश २००. बेरीज ६६६. लॅटिन धाटणीने ‘नेरो’ असं लिहून शेवटचा नून गाळला तर ६१६ होतात, आणि काही प्राचीन हस्तलिखितांत नेमका ६१६ हाच आकडा आहे. त्यामुळे बरेच अभ्यासक हा इशारा ख्रिस्ती लोकांचा छळ करणाऱ्या सम्राट नीरोकडे असल्याचं मानतात. लस, बारकोड किंवा ओळखपत्र यांचा पहिल्या शतकातल्या आशिया मायनरमधल्या त्या सात मंडळ्यांना काहीच उपयोग नव्हता, आणि पुस्तक पाठवलं होतं ते त्यांना. ‘ख्रिस्तविरोधी’ हा शब्दही प्रकटीकरणात एकदाही येत नाही. तो फक्त योहानाच्या पहिल्या आणि दुसऱ्या पत्रात आहे.

ज्या पुस्तकाला लोक सर्वांत जास्त घाबरतात, त्याची सुरुवात ‘तुम्हाला कृपा व शांती’ अशा अभिवादनाने होते (१:४) आणि शेवटचं वचन प्रभू येशूच्या कृपेचं आहे (२२:२१). मधली श्वापदं या दोन कृपांच्या मधेच वाचायची आहेत.

## तारखा चुकतात कशा?

सर्वांत शिकण्यासारखं उदाहरण अमेरिकेतल्या विल्यम मिलर या शेतकरी उपदेशकाचं आहे. दानीएल ८:१४मध्ये २३०० संध्याकाळ-सकाळींनंतर पवित्रस्थान शुद्ध होईल असं म्हटलं आहे. मिलरने एक दिवस म्हणजे एक वर्ष धरलं. सुरुवात धरली इ.स.पू. ४५७, इराणच्या अर्तहशश्त राजाच्या आज्ञेचं वर्ष. २३००मधून ४५७ वजा केले की १८४३ येतात. इ.स.पू. १नंतर थेट इ.स. १ येतं, मधे शून्य वर्ष नाही, हे लक्षात आल्यावर ते १८४४ झालं. अनुयायांनी शेवटी २२ ऑक्टोबर १८४४ हा दिवस पक्का केला. काहींनी शेतातलं पीकही काढलं नाही. तो दिवस ‘महान निराशा’ म्हणून इतिहासात राहिला.

वजाबाकी बरोबर होती. चुकलं ते तिच्या आधीचं. दिवसाचं वर्ष करण्याचा नियम त्या वचनात नाही. सुरुवातीचं वर्ष वेगळ्याच, ९व्या अध्यायाच्या हिशेबातून आणलेलं होतं. पवित्रस्थान म्हणजे पृथ्वी, हेही गृहीतच. त्या अध्यायाचा रोख बहुतेक अभ्यासकांच्या मते इ.स.पू. १६७ ते १६४मध्ये यरुशलेमचं मंदिर भ्रष्ट करणाऱ्या अंतियोखस राजाकडे आहे. नवा दावा समोर आला की आकडा तपासू नका, ही तीन गृहीतकं शोधा: एकक कुणी बदललं, सुरुवात कुठून आणली, कशाला काय मानलं. आणि दावा करणारा घाईने पैसे, राजीनामा किंवा घर सोडण्याचा निर्णय मागत असेल तर तिथेच थांबा. त्या दिवसाविषयी दूतांना नाही, पुत्रालाही नाही, फक्त पित्याला ठाऊक आहे, असं येशू स्वतः म्हणतो (मत्तय २४:३६).

## तारण कृपेने, तर न्याय कर्मांप्रमाणे कसा?

प्रकटीकरण २०:१२मध्ये न्यायाच्या वेळी दोन प्रकारची पुस्तकं उघडली जातात. काही पुस्तकांत माणसांची कृत्यं लिहिलेली आहेत. शिवाय आणखी एक पुस्तक आहे, जीवनाचं. कृत्यांचा हिशेब खरोखर वाचला जातो, म्हणून छळणारा सुटत नाही आणि भुकेल्याला दिलेलं अन्न विसरलं जात नाही. पण पुढचा निर्णय जीवनाच्या पुस्तकात नाव आहे की नाही यावर होतो (२०:१५). मत्तय २५मध्ये न्यायाच्या वेळी राजा म्हणतो, मी भुकेला होतो आणि तुम्ही मला खायला दिलं; तेव्हा त्याच्या उजवीकडे उभे केलेले लोक चकित होऊन विचारतात: प्रभो, आम्ही तुला कधी भुकेला पाहिलं? आपण काही कमावतो आहोत याची त्यांना कल्पनाच नव्हती. त्यांनी केलेली कामं घरच्या मुलांची कामं होती. न्यायाधीश कोण, हेही लक्षात घ्यायला हवं: ज्याने पापाची किंमत भरली, तोच.

ज्यांनी हे कधी ऐकलंच नाही त्यांचं काय, यावर मतभेद आहेत. कॅथलिक चर्चने १९६४मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन सभेत म्हटलं की स्वतःचा दोष नसताना ज्यांना ख्रिस्ताची ओळख झाली नाही, पण जे प्रामाणिकपणे देवाचा शोध घेतात आणि त्याच्या कृपेने विवेकाप्रमाणे वागतात, त्यांनाही तारण मिळू शकतं. बायबल आणि वैयक्तिक विश्वासावर भर देणारे अनेक इव्हँजेलिकल ख्रिस्ती व्यक्त विश्वासाची अट धरतात. नरक अनंत यातना आहे की अखेरचा नाश, यावरही एकमत नाही. सगळ्यांचंच तारण होईल अशी आशा काही प्राचीन शिक्षकांनी, उदाहरणार्थ निस्साच्या ग्रेगरीने, बाळगली होती; मुख्य प्रवाहाने ती शिकवण म्हणून स्वीकारली नाही.

## मग तयारी म्हणजे काय?

पेत्राचं पहिलं पत्र (४:७-१०) ‘सर्वांचा शेवट जवळ आला आहे’ असं म्हणून लगेच कामं सांगतं: शुद्धीवर राहा, प्रार्थना करा, एकमेकांवर मनापासून प्रीती करा, कुरकुर न करता पाहुणचार करा, आणि मिळालेल्या दानांनी देवाच्या कृपेचे चांगले कारभारी म्हणून एकमेकांची सेवा करा. शेवट आणि कृपा अवघ्या चार वचनांत शेजारी शेजारी आली आहेत. थेस्सलनीका शहरातल्या मंडळीत प्रभूचा दिवस आलाच आहे या अफवेने काहीजण डळमळले होते, तर काही कामधंदा सोडून बसले होते. पौलाने अफवेवर विश्वास ठेवू नका असं सांगितलं आणि बसून राहणाऱ्यांना आज्ञा केली: शांतपणे काम करा आणि स्वतःच्या कष्टाची भाकर खा.